छिन्नमनस्कता आणि मेंदूचा विद्युत आलेख : 'ईईजी' काय सांगतो, काय सांगत नाही

वाराणसी : काशी हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेशाबरोबरच बिहार, झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि नेपाळमधूनही रुग्ण येतात. एवढा प्रवास करून मानसोपचार विभागात पोहोचलेल्या कुटुंबाला हाती काहीतरी ठोस हवे असते. कानात आवाज येत असल्याचे सांगणारा, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत असल्याची खात्री बाळगणारा तरुण मुलगा सोबत असला, तर 'मेंदूची तपासणी करून आजार कोणता ते सांगा' ही मागणी हमखास होते. डोक्याला तारा लावून काढला जाणारा मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे 'ईईजी', या मागणीचे उत्तर असावे असे अनेकांना वाटते. आलेख सामान्य आला, की 'मग मुलाला काही झालेलेच नाही' असा निष्कर्ष काढून काही कुटुंबे परत जातात आणि उपचार लांबतात. ईईजी या आजाराविषयी नेमके काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

छिन्नमनस्कता म्हणजे काय

छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया हा विचार, भावना आणि वर्तन यांतील सुसंगती बिघडविणारा गंभीर मानसिक आजार आहे. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, पुरावा नसताना एखादी समजूत अढळ होणे, बोलण्यातील धागा तुटणे ही त्याची ठळक लक्षणे होत. याखेरीज इच्छाशक्ती मंदावणे, लोकांपासून दूर राहणे, चेहऱ्यावरील भाव कमी होणे आणि एकाग्रता व स्मरणशक्ती क्षीण होणे ही लक्षणे कमी लक्षात येतात. रुग्णाचे शिक्षण आणि रोजगार मात्र बहुधा त्यांच्यामुळेच बुडतात. आजाराची सुरुवात साधारणतः किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत होते. पुरुषांमध्ये ती स्त्रियांपेक्षा काहीशी लवकर दिसते.

'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडली. 'दुभंगलेले मन' असा तिचा शब्दार्थ असल्याने एकाच माणसात दोन व्यक्ती वावरतात, असा गैरसमज रूढ झाला. चित्रपटांतून दिसणारे दुभंग व्यक्तिमत्त्व हा वेगळा विकार आहे. ब्लॉयलर यांना अभिप्रेत असलेली फूट मनाच्या निरनिराळ्या व्यापारांमधील होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० व्यक्तींमागे एकाला हा आजार आहे. भारतात बंगळूरु येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उत्तर प्रदेशासह १२ राज्यांचा समावेश होता. छिन्नमनस्कता आणि तत्सम तीव्र मनोविकार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचे प्रमाण त्यात सुमारे १.४ टक्के आढळले. अशा विकारांच्या दर चार रुग्णांपैकी जवळजवळ तिघे उपचारांपासून दूर असल्याचेही या सर्वेक्षणातून समोर आले.

वीज मोजली जाते, दिली जात नाही

मेंदूतील पेशी परस्परांशी विद्युत आणि रासायनिक संकेतांद्वारे संवाद साधतात. मेंदूच्या बाह्य आवरणातील लाखो पेशी एकाच तालात कार्य करू लागल्या, की त्यांच्या एकत्रित विद्युत हालचालीचा अत्यंत क्षीण प्रतिध्वनी कवटीबाहेर, डोक्याच्या त्वचेवर नोंदविता येतो. हे दाब काही दहा मायक्रोव्होल्टच्या घरातील असतात. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. यंत्र हा दाब हजारो पटींनी वाढवून पडद्यावर अथवा कागदावर रेषांच्या रूपात दाखविते.

तपासणीसाठी रुग्णाने डोके धुऊन, तेल न लावता यावयाचे असते. वाहक मलम लावून साधारण वीस धातूच्या चकत्या ठरावीक अंतरांवर बसविल्या जातात. डोळे मिटणे आणि उघडणे, काही मिनिटे खोल श्वास घेणे, लुकलुकत्या प्रकाशाकडे तोंड करणे अशा सूचना दिल्या जातात. नोंद बहुधा अर्ध्या तासात पूर्ण होते. या काळात रुग्णाच्या शरीरात वीज सोडली जात नाही. 'शॉक' या नावाने ओळखली जाणारी विद्युत उपचारपद्धती पूर्णतः वेगळी असून तिचा ईईजीशी संबंध नाही. त्या उपचारातही भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केले आहे. तारा पाहून घाबरलेल्या रुग्णाला हा फरक आधी समजावून सांगितला, तर नोंदही चांगली मिळते. कारण दात आवळणे, पापण्या लवणे आणि घाम येणे यांमुळे आलेखात दोष शिरतात.

आलेखातील लहरी त्यांच्या दर सेकंदाच्या आवर्तनांनुसार ओळखल्या जातात. चारपेक्षा कमी आवर्तनांच्या डेल्टा लहरी गाढ झोपेत प्रबळ असतात. चार ते आठ आवर्तनांच्या लहरींना थीटा म्हणतात. आठ ते तेरा आवर्तनांच्या अल्फा लहरी डोळे मिटून शांत बसलेल्या, परंतु जाग्या माणसात डोक्याच्या मागील भागात स्पष्ट दिसतात. त्यापुढे बीटा आणि तीसच्या वर गॅमा लहरींचा क्रम लागतो.

मानसोपचारतज्ज्ञाचा शोध

मानवी मेंदूचा पहिला विद्युत आलेख जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मिळविला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. बर्गर हे व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ होते. मनोव्यापारांचा शारीरिक ठसा सापडावा, ही त्यांची आकांक्षा होती. प्रारंभी त्यांच्या नोंदींकडे साशंकतेने पाहिले गेले. केंब्रिज येथे एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये त्याच लहरी पुन्हा दाखविल्यानंतर या पद्धतीला मान्यता लाभली.

पुढील इतिहासाने मात्र वेगळे वळण घेतले. मानसोपचारासाठी योजलेले हे साधन अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या निदानात सर्वाधिक उपयोगी ठरले. फिट्समध्ये आलेखात टोकदार, अणकुचीदार लहरी दिसतात आणि प्रशिक्षित डोळा त्या ओळखू शकतो. छिन्नमनस्कतेत अशी एखादी खूण रेषांकडे नुसते पाहून सापडत नाही. अनेक रुग्णांचा नेहमीचा ईईजी पूर्णतः सामान्य असतो.

सूक्ष्म फरक कोठे दिसतात

रुग्णांचा एक गट आणि निरोगी व्यक्तींचा दुसरा गट यांच्या नोंदींची गणिती तुलना केली असता काही फरक पुन्हा पुन्हा आढळतात. विश्रांतीच्या अवस्थेत रुग्णगटात डेल्टा आणि थीटा या मंद लहरींचे प्रमाण सरासरीने अधिक, तर अल्फा लहरींचे कमी असते. झोपेतील ईईजीमध्ये 'स्पिंडल' नावाच्या अल्पकालीन जलद लहरींची संख्या कमी असल्याचेही दिसून आले आहे. शिकलेली माहिती झोपेत पक्की होण्याशी या लहरींचा संबंध जोडला जातो.

अधिक माहिती मिळते ती विशिष्ट प्रसंगाला मेंदू देत असलेल्या प्रतिसादातून. कानावर सारखे एकाच पट्टीतील स्वर पडत असताना मधूनच निराळा स्वर ऐकविला आणि तो मोजण्यास सांगितले, तर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी आलेखात एक उंचवटा उमटतो. 'पी ३००' असे नाव असलेल्या या प्रतिसादाचे वर्णन १९६५ मध्ये सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी केले. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांमध्ये हा उंचवटा सरासरीने लहान असतो, ही बाब १९७२ पासून सातत्याने नोंदविली गेली आहे. लक्ष देणे आणि नवी माहिती मनात नोंदविणे या क्रियांमधील अडचण त्यातून सूचित होते.

दुसऱ्या प्रयोगात रुग्णाने काहीच करावयाचे नसते. तो मूक चित्रपट पाहत असतो आणि कानावर स्वर पडत राहतात. मधला एखादा स्वर वेगळा निघाला, की लक्ष नसतानाही मेंदू विसंगतीची नोंद घेतो. फिनलंडचे शास्त्रज्ञ रिस्टो नॅटॅनेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्णिलेला हा प्रतिसादही छिन्नमनस्कतेत क्षीण आढळतो. तिसऱ्या प्रकारात सेकंदाला ४० वेळा टकटक करणारा ध्वनी ऐकवितात. निरोगी मेंदूच्या लहरी त्या तालाशी जुळवून घेतात. रुग्णांमध्ये ही जुळणी कमी पडते. पेशींच्या समूहांना एकत्र तालात ठेवणाऱ्या निरोधक पेशींच्या कार्यात दोष असावा, या गृहीतकाला त्यामुळे बळ मिळाले आहे.

आवाज ऐकू येण्याच्या लक्षणावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग विशेष उद्बोधक आहे. आपण स्वतः कळ दाबून स्वर वाजविला, तर मेंदूला तो अपेक्षित असतो आणि त्याला मिळणारा प्रतिसाद दबलेला असतो. तोच स्वर अचानक वाजला, तर प्रतिसाद मोठा येतो. स्वतःच्या कृतीतून उद्भवणाऱ्या संवेदनेची पूर्वसूचना मेंदू स्वतःलाच देतो, असा याचा अर्थ होतो. छिन्नमनस्कतेत हे दबणे कमी असते. स्वतःच्या मनातील बोलणे आपलेच आहे, ही ओळख न पटल्यामुळे ते बाहेरून आल्यासारखे भासत असावे, असे या निरीक्षणाच्या आधारे मानले जाते.

सरासरी आणि व्यक्ती

एवढे फरक दिसत असतील, तर त्यांवरून निदान का करीत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याची तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण, हे फरक गटांच्या सरासरीतील आहेत. दोन गटांची मूल्ये एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेली असतात. अनेक रुग्णांचा पी ३०० सामान्य माणसाइतका असतो आणि अनेक निरोगी व्यक्तींचा लहान असतो. दुसरे कारण, ही लक्षणे एकट्या छिन्नमनस्कतेची नाहीत. स्मृतिभ्रंश, नैराश्य आणि मद्यासक्ती यांतही पी ३०० घटतो. तिसरे कारण औषधांचे आहे. मनोविकारांवरील अनेक औषधांनी आलेख बदलतो. क्लोझापीन या औषधाने लहरी मंदावतात आणि मात्रा वाढेल तसा फिट्सचा धोका वाढतो. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णाच्या आलेखातील बदल आजाराचा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते.

आजार तुलनेने विरळ असल्याने गणितही आडवे येते. समजा, एखादी चाचणी शंभरपैकी नव्वद रुग्ण अचूक ओळखते आणि शंभरपैकी नव्वद निरोगी व्यक्तींना निरोगी ठरविते. ती ३,००० लोकांवर वापरली, तर ३०० मागे एक या हिशेबाने त्यांत १० रुग्ण असतील आणि चाचणी ९ जणांना शोधील. परंतु उरलेल्या २,९९० निरोगी व्यक्तींपैकी २९९ जणांनाही ती आजारी ठरवील. म्हणजे आजाराचा शिक्का बसलेल्या ३०८ जणांपैकी केवळ ९ खरोखर आजारी असतील. ज्या समाजात या आजाराच्या नुसत्या संशयाने विवाह मोडतात आणि नोकऱ्या जातात, तेथे या २९९ चुकांची किंमत मोठी आहे.

संगणकाचे दावे

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने ईईजीवरून छिन्नमनस्कता ओळखण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. भारतातील अभियांत्रिकी संस्थांचा त्यांत लक्षणीय सहभाग आहे. वाराणसीत याला अनुकूल अशी रचना आहे. काशी हिंदू विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरातच वैद्यकीय विज्ञान संस्था आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी भारतीय तंत्रज्ञान संस्था (बीएचयू) आहे, तर शहराच्या पांडेपूर भागात शासकीय मानसिक रुग्णालय आहे. रुग्ण, चिकित्सक आणि संकेतांचे विश्लेषण करणारे अभियंते एकाच नगरात असणे ही संशोधनाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

तथापि, ९८ किंवा ९९ टक्के अचूकतेचे दावे सावधपणे वाचावे लागतात. अनेक शोधनिबंधांत वापरला जाणारा पोलंडमधील वॉर्सा येथील मुक्त माहितीसंच अवघ्या १४ रुग्ण आणि १४ निरोगी व्यक्तींचा आहे. प्रत्येकाची काही मिनिटांची नोंद छोट्या तुकड्यांत विभागून हजारो नमुने तयार केले जातात. एकाच व्यक्तीचे काही तुकडे संगणकाला शिकविण्यासाठी आणि काही त्याची परीक्षा घेण्यासाठी वापरले, तर संगणक आजाराऐवजी त्या व्यक्तीचीच ओळख शिकण्याचा संभव असतो. प्रश्नपत्रिका आधीच पाहिलेल्या विद्यार्थ्याला मिळालेल्या गुणांसारखे हे यश असते. पूर्णपणे नव्या व्यक्तींवर, दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या यंत्रावर तीच पद्धत टिकते का, हा खरा निकष आहे.

याशिवाय, सुस्पष्ट छिन्नमनस्कता आणि पूर्ण आरोग्य यांतील भेद ओळखण्यासाठी चिकित्सकाला यंत्राची फारशी गरज नसते. अडचण असते ती छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार, तीव्र नैराश्य आणि नशेमुळे उद्भवलेला मनोविकार यांतील फरक करण्याची. त्या कसोटीवर उतरणारी ईईजी चाचणी अद्याप नेहमीच्या वापरात आलेली नाही.

ईईजी खरोखर कधी लागतो

मनोविकाराची लक्षणे असलेल्या रुग्णाचा ईईजी चिकित्सक सांगतात, तेव्हा हेतू बहुधा छिन्नमनस्कता सिद्ध करण्याचा नसतो. तिच्यासारखे दिसणारे दुसरे आजार वगळणे, हा तो हेतू असतो. मेंदूच्या कानशिलाकडील भागातून उद्भवणाऱ्या फिट्समध्ये भास, भीती आणि विचित्र वर्तन दिसू शकते. मेंदूला आलेल्या सुजेच्या काही प्रकारांत सुरुवातच भ्रम आणि चिडचिडीने होते. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदूतील ग्राहींवर हल्ला करते, असा एक विकार २००७ मध्ये ओळखला गेला. तो तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि प्रारंभी अनेकदा मानसिक आजार समजला जातो. गोवरानंतर काही वर्षांनी मुलांमध्ये उद्भवणाऱ्या मेंदूच्या एका घातक विकारातही वर्तनातील बदल आधी दिसतो आणि ईईजीत ठरावीक अंतराने उमटणाऱ्या मोठ्या लहरी निदानाला दिशा देतात. ताप, शुद्ध हरपणे, झटके, अचानक सुरुवात किंवा वयाच्या चाळिशीनंतर प्रथमच दिसलेली लक्षणे असतील, तर ही तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.

अशा स्थितीत असामान्य आलेख रुग्णाचा जीव वाचवू शकतो. सामान्य आलेखाचा अर्थ मात्र मर्यादित असतो. एकाच नोंदीत फिट्सची खूण न सापडणे शक्य असते आणि छिन्नमनस्कता नसल्याचे तर त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

निदान आजही सविस्तर मुलाखत, नातेवाइकांनी दिलेली माहिती आणि काळानुसार केलेले निरीक्षण यांवर आधारलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणानुसार ठरावीक लक्षणे किमान एक महिना असणे आवश्यक मानले जाते. मानसिक आजाराचे निर्धारण राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य वैद्यकीय मानकांनुसारच व्हावे, असे भारताच्या २०१७ च्या कायद्यातही नमूद आहे.

लहरींवरून मन वाचल्याचा दावा न्यायालयासमोरही आला आहे. गुन्ह्याच्या तपासात संशयिताच्या मेंदूलहरी नोंदविण्याच्या चाचण्या भारतात काही वर्षे वापरल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी निर्णय देताना संमतीविना अशा चाचण्या करण्यास मनाई केली. रेषांना जे सांगता येत नाही, ते त्यांच्याकडून वदवून घेण्याचा मोह केवळ रुग्णालयापुरता नाही, हे त्यावरून दिसते.

पुढील दिशा

संशोधनाचा रोख आता 'आजार आहे की नाही' या प्रश्नापलीकडे गेला आहे. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या संयुक्त अभ्यासात २०१६ मध्ये मेंदूचे प्रतिसाद, डोळ्यांच्या हालचाली आणि बौद्धिक चाचण्या यांच्या आधारे तीव्र मनोविकारांच्या रुग्णांचे तीन जैविक गट सुचविण्यात आले. रूढ निदानांच्या सीमा या गटांशी जुळल्या नाहीत. कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, सौम्य लक्षणे असलेल्या कोणत्या तरुणाला पुढे आजार होण्याचा धोका अधिक आहे, याचा अंदाज ईईजीतून बांधता येईल का, याचाही शोध सुरू आहे. एमआरआयच्या तुलनेत ईईजी स्वस्त असून यंत्र सहज हलविता येते. त्यामुळे जिल्हा रुग्णालयांचा भार मोठा असलेल्या भारतासारख्या देशात या संशोधनाला विशेष महत्त्व आहे.

तोपर्यंत सर्वांत मोठा लाभ लवकर उपचारांतून मिळतो. पहिल्या लक्षणापासून औषधोपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितकी सुधारणा अवघड होते. औषधांसोबत कुटुंबाचे समुपदेशन आणि पुनर्वसन यांची जोड आवश्यक असते. महाराष्ट्रात या बाबतीत कुटुंबांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी मोठे काम उभे केले आहे. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव घेतलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. २००४ मधील 'देवराई' या मराठी चित्रपटाने हा आजार घराघरांत पोहोचविला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोहोचविणाऱ्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घरातील व्यक्तीच्या वागण्यात असे बदल दिसल्यास आलेखाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे आहे. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून त्यावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत सल्ला मिळतो. चिकित्सकाने ईईजी सांगितल्यास तो अवश्य करावा. आलेख सामान्य आला तरी रुग्णाला ऐकू येणारा आवाज त्याच्यापुरता खराच असतो, हे ध्यानात ठेवून उपचार मात्र थांबवू नयेत.